विवेकवर्धिनीतली ती सभा

12 नोव्हेंबर 1921. हैदराबादेत कोठीच्या परिसरातल्या विवेकवर्धिनी शाळेच्या थिएटरात सामाजिक सुधारणा परिषद भरली होती. अध्यक्षपदी महर्षी धोंडो केशव कर्वे होते. निझामाच्या राज्यातले वकील, शिक्षक, जहागीरदार आणि विद्यार्थी जमले होते. ठराव मांडले जात होते, त्यांवर भाषणे होत होती. कोणी इंग्रजीत बोलले, कोणी उर्दूत, कोणी मराठीत. सभेने सगळ्यांना शांतपणे ऐकून घेतले. मग आलमपल्ली वेंकट रामराव नावाचे हायकोर्टाचे वकील उभे राहिले आणि तेलुगूत बोलू लागले. तेवढ्यावर सभागृहात हुर्यो उठली. टाळ्या पिटल्या गेल्या, आरडाओरडा झाला आणि वेंकट रामरावांना भाषण अर्धवट सोडून खाली बसावे लागले.

हुर्यो करणाऱ्यांत मराठी माणसे होती. शाळा मराठी माणसांनी काढलेली आणि अध्यक्षही मराठी. कर्व्यांनी पाचच वर्षांपूर्वी, 1916 साली, स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले होते आणि तिथे उच्च शिक्षण मातृभाषेतून द्यायचे हे त्या विद्यापीठाचे मूळ तत्त्व होते. अशा माणसाच्या अध्यक्षतेखालच्या सभेत, राज्यातली निम्मी प्रजा बोलते त्या भाषेतले एक भाषण पुरे होऊ शकले नाही. मराठीत हैदराबाद संस्थानावर पुष्कळ लिहिले गेले आहे. रझाकारांचे अत्याचार, मुक्तिसंग्राम, स्वामी रामानंद तीर्थ हे सगळे त्यात येते. या सभेचा उल्लेख मात्र क्वचितच दिसतो. तेलुगू इतिहासकारांकडे ही घटना पहिल्या प्रकरणात असते. माडपाटी हनुमंतराव यांनी 'तेलंगाणातील आंध्र चळवळ' या अर्थाच्या आपल्या तेलुगू ग्रंथात ती नोंदवली आहे, आणि आपणही ती आपल्या इतिहासात लिहायला हवी असे मला मनापासून वाटते.

हे कोठीतच का घडले? त्यासाठी सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

1798 साली निझाम इंग्रजांच्या तैनाती फौजेच्या करारात बांधला गेला आणि त्याच सुमारास जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक हैदराबादचा रेसिडेंट झाला. मुसी नदीच्या उत्तरेला त्याने जो प्रचंड वाडा बांधायला घेतला, तीच कोठी. मद्रासच्या इंजिनियर पलटणीतल्या सॅम्युअल रसेलने तिचा आराखडा केला. पुढे उंच खांबांची ओळ, रुंद पायऱ्या, दोन बाजूंना दोन सिंह, वर त्रिकोणी माथा: बाहेरून पाहिले तर हे घर लंडनला शोभावे. आत चालणारा कारभार मात्र फारसीत होता. निझामाला पत्र फारसीत, दरबाराचे उत्तर फारसीत. कर्कपॅट्रिकला फारसी आणि हिंदुस्तानी उत्तम येत असे. त्याने हैदराबादेतल्या खैरुन्निसा या खानदानी मुलीशी लग्न केले आणि दरबाराने त्याला हश्मतजंग हा किताब दिला. त्या काळी इस्तंबूलपासून ढाक्यापर्यंत दरबारी माणसाला फारसी येणे गरजेचे होते. ती दख्खनमध्ये कोणाच्याही घरची बोली नव्हती, तरी सत्तेच्या खोलीत तीच चाले. पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे याच शहरात, भागानगरात, बसून नाना फडणीसांना मराठीतून मोडीत पत्रे धाडत. 1793 सालचे त्यांचे पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना चांगले परिचयाचे आहे. म्हणजे घरी एक भाषा, स्वामीला लिहायची तीच, आणि दरबारात उभे राहिले की दुसरी.

रेसिडेन्सीभोवती बाजार वसला. सावकार आले, सराफ आले, गुजराती आणि मारवाडी पेढ्या आल्या. या बाजारपेठेवर निझामाचा कायदा चालत नसे. हद्द रेसिडेंटची होती. 1933 मध्ये ती परत निझामाकडे गेली आणि तिला सुलतान बाजार नाव पडले. तोपर्यंत या पट्ट्याला मोठे मोल होते. निझामाच्या अमलाखाली सभेला परवानगी लागे, संस्था काढली की संशय येई, छापखान्यावर नजर असे. रेसिडेन्सीच्या हद्दीत आणि तिच्या आसऱ्याने हे सगळे जरा मोकळेपणाने करता येई. 1892 मध्ये आर्यसमाज इथे सुरू झाला. 1901 मध्ये श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय इथेच, रावीचेट्टू रंगराव यांच्या घरी उघडले. पाठोपाठ, विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात, मराठी मंडळींनी विवेकवर्धिनी काढली. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक हे त्यातले मोठे आधार. केशवराव परभणीकडचे, वकिली करून हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि आर्यसमाजाचेही पुढारी होते. परक्या सत्तेच्या भिंतीलगत देशी भाषांना पहिला निवारा मिळाला, हे आज ऐकायला बरे वाटत नाही, पण तसेच घडले.

आंध्र भाषा निलयमच्या संस्थापकांत एक नाव कोमर्राजू लक्ष्मणराव यांचे आहे. त्यांचे शिक्षण नागपुरात झाले आणि ते मराठीत लिहीत. थोरली बहीण भंडारू अच्चमांबा त्यांना शिक्षणासाठी आपल्याकडे घेऊन गेली होती. तेलुगूतल्या अगदी पहिल्या लघुकथाकारांत या अच्चमांबांची गणना होते. लक्ष्मणरावांनी तेलुगूत शिवाजी महाराजांचे चरित्र लिहिले, विज्ञान चंद्रिका मंडळी काढली आणि पुढे तेलुगू ज्ञानकोशाचे काम अंगावर घेतले. हा माणूस मराठीच्या अंगणात वाढला आणि जे शिकला ते घेऊन आपल्या भाषेच्या कामाला लागला. 1901 साली कोठीत मराठी आणि तेलुगू यांच्यात इतके येणेजाणे होते. वीस वर्षांनी त्याच परिसरात हुर्यो उठली, म्हणून ती अधिक बोचते.

आता राज्यातले चित्र पाहू. 1931 च्या शिरगणतीत हैदराबाद संस्थानची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 44 लाख भरली. त्यात तेलुगू बोलणारे जवळजवळ निम्मे, मराठी साधारण चौथा हिस्सा, कन्नड अकराएक टक्के आणि उर्दू दहाएक टक्के. आठ तेलुगू जिल्हे, औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे, दक्षिण-पश्चिमेला कन्नड मुलूख, आणि बिदरसारख्या ठिकाणी तीन भाषा एकाच बाजारात. पण कचेरीत यातल्या पहिल्या तीन भाषांना जागा नव्हती. 1884 पर्यंत राजभाषा फारसी होती. दिवाण दुसऱ्या सालारजंगाच्या काळात तिच्या जागी उर्दू आली. इंग्रजांनी बंगालकडच्या कचेऱ्यांतून फारसी 1837 मध्येच काढली होती. हैदराबादने ती आणखी सत्तेचाळीस वर्षे सांभाळली. खेड्यातल्या मराठी मुलाने सुरुवातीच्या इयत्ता मराठीत केल्या तरी पुढे उर्दूवाचून गती नव्हती. मराठवाड्यातल्या जुन्या पिढीतल्या कित्येक घरांत हिशेबाची वही मोडीत, कोर्टाचे कागद उर्दूत आणि पोथी बाळबोधीत असे तीन लिप्यांचे दप्तर निघते.

उर्दूच्या बाजूनेही न्यायाने बोलले पाहिजे. 1917 चे फर्मान, 1918 ची स्थापना आणि 1919 पासून वर्ग, अशा क्रमाने उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले. पदार्थविज्ञान, गणित, कायदा, इतिहास, वैद्यक असे सगळे विषय एका हिंदुस्थानी भाषेतून शिकवणारे हे विद्यापीठ होते. त्यासाठी आधी पुस्तके हवीत, म्हणून 1917 मध्ये दारुल तर्जुमा, म्हणजे भाषांतर विभाग, काढला गेला. मौलवी अब्दुल हक त्याचे प्रमुख होते. जोश मलीहाबादी, अब्दुल माजिद दर्याबादी अशा लेखकांनी तिथे काम केले. शेकडो ग्रंथ इंग्रजीतून उर्दूत आले, परिभाषेसाठी समित्या बसल्या, एकेका संज्ञेवर वाद झाले. कोठीतल्या वैद्यकीय शाळेची कहाणी तर याहून जुनी. 1846 मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिथे उर्दूत शिकवत. मधल्या काळात इंग्रजी आली आणि उस्मानिया नाव मिळाल्यावर पुन्हा उर्दू. परक्या भाषेवाचून डॉक्टर घडू शकतो हे त्या शाळेने प्रत्यक्ष दाखवले. आज मराठीतून वैद्यक शिकवावे की नाही यावर वाद घालणाऱ्यांनी कोठीतली ही शाळा जरूर अभ्यासावी.

या अब्दुल हकांची उर्दू संस्था, अंजुमन तरक्की-ए-उर्दू, कित्येक वर्षे औरंगाबादेतून चालत होती. मराठी मुलखाच्या मध्यावर बसून त्यांनी उर्दूचे कोश आणि नियतकालिके काढली. मराठीवर फारसीचा काय परिणाम झाला यावर त्यांनी 1933 मध्ये उर्दूत पुस्तकही लिहिले. मराठी वाचकाने त्या पुस्तकाची दखल घ्यायला हवी होती.

उस्मानियाचे दुखणे एवढेच की मातृभाषेतून शिक्षण हे तत्त्व बरोबर होते आणि मातृभाषा मात्र दहात एकाचीच होती. वारंगळच्या मुलाला उर्दू तितकीच शिकून घ्यावी लागे जितकी इंग्रजी. हाच प्रश्न तीस वर्षांनी फार मोठ्या प्रमाणावर पाकिस्तानात उभा राहिला. तिथेही उर्दू राष्ट्रभाषा ठरली, तीही अशा देशात जिथे ती बोलणारे थोडे होते आणि पूर्वेकडचे बहुसंख्य लोक बंगाली. 21 फेब्रुवारी 1952 रोजी ढाक्यात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. आज तो दिवस जगभर मातृभाषा दिन म्हणून पाळला जातो. पाकिस्तानात अजूनही उर्दू मातृभाषा असलेले लोक दहा टक्क्यांच्या आतच आहेत.

जगाच्या भाषांचे नकाशे पाहताना मला नेहमी कोठी आठवते. नकाशावर एकेका देशाला एकेक रंग दिलेला असतो, आणि त्यावरून भाषेचे खरे बळ कळत नाही. मँडरिन चिनी जन्मापासून बोलणारे नव्वद कोटींहून अधिक आहेत. पण ती भाषा चीन, तैवान आणि सिंगापूर यांच्याबाहेर कारभाराची भाषा नाही. इंग्रजी मातृभाषा असणारे चाळीस कोटींच्या आसपास, आणि शिकून बोलणारे धरले तर आकडा दीडशे कोटींकडे जातो. स्पॅनिश बोलणारे स्पेनपेक्षा मेक्सिकोत कितीतरी जास्त, पोर्तुगीज पोर्तुगालपेक्षा ब्राझीलमध्ये वीसपट. फारसी आज इराणची, अफगाणिस्तानात दरी नावाने आणि ताजिकिस्तानात रशियन वळणाच्या लिपीत ताजिक नावाने नांदते. दिल्लीहून आणि हैदराबादहून ती केव्हाच गेली. जहाजे, फौजा, कचेऱ्या, शाळा, छापखाने यांच्या पाठीवर बसून भाषा फिरतात. त्यांतला बहुतेक सगळा सरंजाम एकेकाळी कोठीच्या चौकात मैलभराच्या आत होता: रेसिडेन्सीत इंग्रजी, निझामाच्या कचेरीत उर्दू, ग्रंथालयात तेलुगू, शाळेत मराठी, पेढीवर गुजराती, काचीगुड्याच्या बाजूला कन्नड.

त्या सभेनंतर काय झाले? अपमान गिळून लोक घरी गेले नाहीत. त्याच रात्री टेकुमल्ल रंगराव यांच्या घरी अकरा जण जमले आणि त्यांनी आंध्र जनसंघम स्थापन केला. माडपाटी हनुमंतराव त्याचे चिटणीस झाले. हे गृहस्थ उर्दू-फारसीत पारंगत होते, उर्दू वर्तमानपत्रांत लिहीत. उर्दूविषयी त्यांच्या मनात द्वेष नव्हता. त्यांना आपल्या भाषेसाठी व्यासपीठ हवे होते. संघाने गावोगाव वाचनालये काढली, तेलुगू शाळा काढल्या, वेठबिगारीविरुद्ध पत्रके छापली. 1926 मध्ये सुरवरम प्रताप रेड्डी यांनी 'गोलकोंडा पत्रिका' सुरू केली. तेलंगणात तेलुगू कवीच नाहीत असे कोणी म्हणाले, तेव्हा त्यांनी वाद घालत न बसता गावोगावचे कवी गोळा केले आणि 1934 मध्ये 354 कवींचा संग्रह छापला. 1930 मध्ये जोगीपेठेत पहिली आंध्र महासभा भरली, तिचे अध्यक्ष सुरवरमच होते.

मराठी बाजूलाही जाग होती. 1931 मध्ये मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरले आणि अध्यक्ष होते ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. 1937 मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली झाले. कन्नड मंडळींनी आपली कर्नाटक परिषद काढली. तीन भाषांच्या तीन परिषदा आता वेगवेगळ्या चालू लागल्या. 1921 च्या सभेत तेलुगू भाषण ऐकून घेतले गेले असते तर या तिघी एकत्र राहिल्या असत्या, असे मी म्हणणार नाही. भाषावार प्रांतांची मागणी सगळ्या देशातच वाढत होती. पण तेलुगू माणसाला स्वतंत्र चूल मांडण्याचे पहिले कारण आपण पुरवले, एवढे खरे.

1938 मध्ये 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल उस्मानियातून शेकडो विद्यार्थ्यांना काढले. त्यांत मराठी होते, तेलुगू होते, कन्नड होते, आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना दार उघडले. त्यांतले एक पी. व्ही. नरसिंह राव. ते मराठी इतके उत्तम शिकले की हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीचा त्यांनी तेलुगूत अनुवाद केला. हैदराबाद राज्याचे पहिले लोकनियुक्त मुख्यमंत्री बुर्गुल रामकृष्ण राव पुण्याच्या फर्ग्युसनचे. इकडे सेतुमाधवराव पगडी मूळचे निलंग्याचे, घरात कन्नड, लिहिले मराठीत, नोकरी निझामाची. फारसी कागदपत्रांतून त्यांनी मराठ्यांचा इतिहास वाचला, उर्दू कवितेची मराठी वाचकांना ओळख करून दिली, आणि आदिलाबादच्या जंगलात अधिकारी असताना गोंडी आणि कोलामी शिकून त्यांची व्याकरणे लिहिली. गोंडी ही लाखो लोकांची भाषा, पण कोठीतल्या कोणत्याही सभेत तिला कधी पाचारण नव्हते. नरहर कुरुंदकरांचीही घडण हैदराबादेत, मामा नांदापूरकरांच्या छायेत झाली. उस्मानियात मराठी शिकवणारे नांदापूरकर मोरोपंतांचे अभ्यासक. उर्दू, इस्लाम, निझाम यांवर कुरुंदकर ज्या जाणकारीने लिहीत ती पुण्यात राहून आली नसती. निझामी राज्याने माणसांना त्रास दिला आणि चार भाषाही दिल्या. पहिल्याची नोंद आपण ठेवली, दुसऱ्याचीही ठेवावी.

सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद भारतात आले. उस्मानियाची उर्दू गेली आणि तिच्या जागी तेलुगू आली नाही, मराठी आली नाही, आली इंग्रजी. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात, कन्नड भाग म्हैसुरात, तेलंगण आंध्रात. राजधानीतली मराठी माणसे जिथल्या तिथे राहिली. मराठी ग्रंथ संग्रहालय कोठीजवळच आहे, मराठी साहित्य परिषदेचे 'पंचधारा' तिथूनच निघते, आणि त्यात तेलुगू, कन्नड, उर्दू, हिंदी साहित्याचे अनुवाद आपुलकीने येतात. कोठीतल्या पदपथांवर जुन्या पुस्तकांच्या रांगा लागतात त्यांत वैद्यकाची जाडजूड इंग्रजी पुस्तके वर असतात. उर्दू किंवा मराठी हवे तर खालच्या चळती उपसाव्या लागतात.

आकड्यांपुरते सांगायचे तर 2001 च्या जनगणनेत तेलुगू देशात तिसरी होती, मराठी चौथी. 2011 मध्ये मराठी 8 कोटी 30 लाखांवर गेली, तेलुगू 8 कोटी 11 लाखांवर राहिली, आणि क्रम उलटला. तेलुगूला अभिजात दर्जा 2008 मध्ये मिळाला, मराठीला 2024 मध्ये. दोन शेजारणी जवळपास सारख्याच मोठ्या; युरोपात रशियन आणि जर्मन सोडल्या तर इतके मातृभाषक असलेल्या भाषा फारशा सापडणार नाहीत. भाषा एक म्हणून राज्य एक, हे सूत्रही तेलुगूत टिकले नाही. 2 जून 2014 रोजी तेलंगण वेगळे झाले, आणि 2017 मध्ये त्या राज्याने उर्दूला सगळ्या राज्यासाठी दुसरी राजभाषा केले.

1921 च्या त्या अपमानातून वाढलेली आंध्र महासभा 1944 च्या भुवनगिरी अधिवेशनानंतर कम्युनिस्टांच्या हाती गेली. खेड्यापाड्यांत तिला लोक नुसते 'संघम' म्हणत. पालकुर्तीच्या चाकली इलम्मा, कपडे धुण्याचे काम करणाऱ्या जातीतल्या, या संघमच्या सभासद झाल्या आणि आपल्या खंडाच्या जमिनीवरचे उभे पीक विसनूरच्या देशमुखाला नेऊ न देता त्यांनी घरी आणले. तेलंगणच्या सशस्त्र लढ्यातले ते एक ठळक पान आहे. इकडे कर्कपॅट्रिकच्या रेसिडेन्सीत 1949 पासून उस्मानियाचे महिला महाविद्यालय भरत होते. 2022 मध्ये त्याचे महिला विद्यापीठ झाले, आणि 2024 मध्ये तेलंगण सरकारने त्याला वीरनारी चाकली इलम्मा यांचे नाव दिले.